सांदणच्या दरीत गिधाड शोधताना



भात झोडून घरात आले, पेंढ्याची उडवी रचून झाली आणि वालाला फुले धरू लागली की आमच्या तारापूर-बोईसर भागातल्या शेतकऱ्याला चार दिवस उसंत मिळते. एरवी या उसंतीत लग्ने जुळवायची, घर शाकारायचे किंवा नाशिक-त्र्यंबक करून यायचे. गेल्या पौषात आम्ही सहा जण तीन दिवसांसाठी घराबाहेर पडलो ते मात्र गिधाडे पाहायला. हे ऐकून आमच्या आळीतल्या एका काकूंनी कपाळाला हात लावला. "भाऊजी, पैसे मोजून गिधाडं बघायला कोणी जातं का? आमच्या वेळी ती माडावर बसली तर आम्ही थाळी वाजवून हाकलायचो!"

काकूंचे खोटे नव्हते. माझ्या लहानपणी आमच्या वाडीत माडांवर आणि ताडांवर गिधाडे बसत. त्यांच्या विष्ठेने झावळ्या पांढऱ्या होत, म्हणून आजोबा चिडत. शेजारच्या पाड्यावर ढोर मेले की तासाभरात तीस-चाळीस गोळा होत आणि दुसऱ्या दिवशी तिथे फक्त हाडे उरत. आज माझ्या पुतण्याचे वय पंचवीस आहे. त्याने गिधाड फक्त चित्रात पाहिले आहे.

सहलीचे खूळ निघाले त्याच्याकडूनच. एका संध्याकाळी त्याने मला मोबाईलवर पेरू देशातली कोल्का दरी दाखवली. (पेरू म्हणजे आपल्या वाडीतला पेरू नव्हे. दक्षिण अमेरिकेतला देश.) ही दरी 3000 मीटरहून खोल आहे. आपले कळसूबाई शिखर 1646 मीटरचे, म्हणजे एकावर एक दोन कळसूबाई ठेवले तरी दरीचा काठ जवळपास गाठला जाईल एवढीच उंची होईल. त्या दरीच्या काठावर जगभरची माणसे पहाटे जाऊन बसतात ती कोंडोर पाहायला. कोंडोर हे तिकडचे गिधाड. पंख पसरले की दहा फूट भरतात. ऊन चढून दरीतली हवा तापली की त्या वर येणाऱ्या हवेवर पंख न हलवता कोंडोर खालून वर येतो आणि माणसांच्या डोक्यावरून जातो. ते पाहायला माणसे समुद्र ओलांडून येतात आणि तिथल्या गावांत चार पैसे येतात.

पुतण्या म्हणाला, "काका, आपल्याकडे अशी दरी नाही?"

दरी आहे की! अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, भंडारदरा धरणाच्या मागे साम्रद नावाचे गाव आहे. त्या गावाला लागून सह्याद्रीचा काळा कातळ वरपासून खालपर्यंत चिरला गेला आहे. तीच सांदणची दरी. कोल्काच्या मानाने ती लहानच, पण अरुंद इतकी की काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर भिंतींना टेकतील असे वाटते. आणि सह्याद्रीचे कडे म्हणजे लांब चोचीच्या गिधाडाचे माहेर. तेव्हा ठरले, आपला कोंडोर आपल्या दरीत शोधायचा.

पहाटे चारला तारापुरातून निघालो. मनोर-वाडा करून आग्रा रोडला लागलो, कसारा घाट चढलो आणि घोटीवरून शेंडीला आलो. शेंडीहून पुढे धरणाच्या पाण्याला वळसा घालत रस्ता जातो. हे सारे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. 1986 साली जाहीर झालेले. वाटेत झाडांत शेकरू दिसले. खारीचाच मोठा भाऊ, तांबूस, झुपकेदार शेपटीचा. आमच्यातल्या एका वाडीवाल्या दादांनी लगेच विचारले, "हे नारळ खातं का?" शेतकऱ्याचा पहिला प्रश्न तोच असायचा!

जेवणवेळेला साम्रदला पोचलो. तिथली वस्ती महादेव कोळ्यांची. शेती भाताची, उतारावर नागली-वरई. वाटाड्या म्हणून गावातले एक बाबा आले. वय सत्तरीच्या घरात, अंगाने काटक, आणि चालायला लागले की आम्हां सहा जणांना धाप लागावी असे. मुक्काम त्यांच्याच ओसरीवर ठरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दरीत उतरलो. गावापासून अर्ध्या तासाची सपाट वाट, मग एकदम झाडी दाट होते आणि जमीन फाटल्यासारखी होते. आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो गारवा. दोन्ही बाजूंना शेदोनशे फुटांच्या भिंती, वर आभाळाची एक पट्टी आणि पायाखाली म्हशीएवढाले धोंडे. मध्ये पाण्याचे दोन डोह लागतात. पहिल्यात गुडघ्याच्या वर पाणी होते, दुसऱ्यात कमरेपर्यंत, आणि असे थंड की बोलती बंद. कपड्यांची गाठोडी डोक्यावर घेऊन आम्ही पार झालो. आमच्या सौ. सर्वांत आधी पलीकडे. लावणीत आयुष्य गेलेल्या बाईला पाण्याचे काय भय?

या दरीचे पाणी पश्चिमेला कोकणात उतरते. आणि शेजारीच रतनगडावर उगम पावणारी प्रवरा पूर्वेला वळते, भंडारदऱ्याच्या धरणात अडते, पुढे गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराला जाते. एकाच डोंगरावर पडलेला पाऊस, पण थेंब कुठल्या अंगाला पडला त्यावर त्याचे गाव ठरते. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा हा कातळ. त्याला भेग पडली आणि पावसाचे पाणी ती भेग रुंद करत गेले. पावसाळ्यात ही दरी म्हणजे पन्हळ असते, वरून एकदम लोंढा येतो. म्हणून कोणाला जायचे असेल तर दिवाळीनंतर जावे, वाटाड्या घेऊन जावे, आणि दरीत कागद-पिशव्या टाकू नयेत. एवढे पथ्य पुरे.

जनावरे म्हणाल तर डोहात खेकडे दिसले, भिंतींवर पाकोळ्या भिरभिरत होत्या, आणि एका शेवाळलेल्या धोंड्यावर काळा, निळी झाक मारणारा एक पक्षी शेपटी पसरत-मिटत बसला होता. हा शीळकरी कस्तुर. पावसाळ्यात हा असा शीळ घालतो की गुराख्याचा पोर आहे असे वाटावे. तासाभराने दरीचे दुसरे तोंड आले. पुढे कडा तुटतो, तिथून दोर लावूनच उतरता येते. आम्ही तिथेच बसलो. समोर बाणाचा सुळका, आजोबाचा डोंगर, खाली कोकणातली शेते खेळण्यासारखी दिसत होती. नऊ वाजले, दहा वाजले, ऊन चढले. हवा वर येऊ लागली हे आम्हांला घारींवरून कळले.

इथे एक खूण सांगून ठेवतो. घारीची शेपटी मधोमध खाचेची असते, ती सारखी शेपटी वळवते. गिधाडाची शेपटी आखूड, पंख फळीसारखे रुंद, टोकाची पिसे हाताच्या बोटांसारखी सुटी. पंख पसरले तर सात-आठ फूट. आणि ते पंख हलवत नाही. पाच-पाच मिनिटे हलवत नाही.

आम्हांला घारी दिसल्या, एक सर्पगरुड दिसला, खाली माकडे दिसली. गिधाड एकही दिसले नाही. पुतण्याचे तोंड उतरले. बाबा मात्र शांतपणे तंबाखू मळत होते. मग म्हणाले, "साहेब, तुम्ही वीस-पंचवीस वर्षं उशिरा आले. आमच्या ल्हानपणी ढोर मेलं का कड्याखाली लोटायचं. सावली पडायची येवढाली. आता ढोर टाकलं तर आठ दिस वास मारतंय, अन् कुत्री येत्यात गावातली."

"मग गिधाडे गेली कुठे, बाबा?"

"कोण जाणे. कोणी म्हनं रोग आला, कोणी म्हनं उपाशी मेली."

मी तेव्हा काही बोललो नाही. संध्याकाळी त्यांच्या गोठ्यात बैल पाहायला गेलो. आता शेतीखात्यातला माणूस, गोठा दिसला की पाय वळतोच. उजवा बैल पुढच्या पायाने जपून टेकत होता. बाबांनी कोनाड्यातून गोळ्यांची अर्धी पट्टी काढून दाखवली. "ह्या देतो ना दोन-दोन. भाकरीत घालून. तालुक्याहून आनल्या. मानसाच्याच हायेत, पन बैलाला लागू पडत्यात." पट्टीवरचे नाव मी वाचले. डायक्लोफिनॅक.

मंडळी, आता जे सांगतो ते सांगायला मला पंचवीस वर्षे लागली.

साल 1998. मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून नवा होतो, दापोलीची बी.एस्सी. ॲग्री पदवी खिशात आणि अंगात उत्साह. आमच्या भागातल्या खाडीकाठच्या एका पाड्यावर ऐन लावणीत एका शेतकऱ्याच्या बैलाचा खांदा सुजला. जनावरांचे डॉक्टर त्या दिवशी मिळेनात. मी स्वतः औषधाच्या दुकानातून दुखणे कमी करणारी सुई आणली आणि तिथल्या सुई टोचणाऱ्या गड्याकडून द्यायला लावली. बैल उभा राहिला, दुपारी चिखलणीला गेला. माझी वाहवा झाली. तेव्हापासून मी ती सुई गावोगाव सुचवू लागलो. स्वस्त, लगेच गुण देणारी. त्याच बैलाला पुढे दुसऱ्या दुखण्याने गाठले. त्यालाही तीच सुई, आणि दोन दिवसांत बैल गेला. मढे नेहमीच्या जागी खाडीकडेला टाकले. गिधाडे आली. तेव्हाही तीस तरी असतील.

पुढच्या आठवड्यात त्या वाटेने जाताना ताडावर दोन गिधाडे माना खाली लोंबवून बसलेली दिसली. झोपल्यासारखी. बुंध्याशी एक मरून पडले होते. मी मोटारसायकल थांबवली, पाहिले, आणि कोणीतरी विष घातले असेल असे म्हणून पुढे गेलो. ती माझ्याच सुईने मेली असे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण मान लोंबवून बसणे हे त्या विषबाधेचे लक्षण आहे, हे पुढे वाचले तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही.

काय घडत होते ते असे. 1990 नंतर राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडे पटापट मरत असल्याचे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांच्या लक्षात आले. आधी सगळ्यांना वाटले, विषाणूचा रोग असेल. 2004 साली लिंडसे ओक्स या अमेरिकन पशुवैद्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या पंजाबात मेलेल्या गिधाडांची तपासणी करून कारण शोधून काढले. ज्या जनावराला डायक्लोफिनॅक दिले आणि जे दोन-तीन दिवसांत मेले, त्याचे मांस गिधाडाच्या पोटात गेले की त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. रक्तातले युरिक आम्ल वाढते आणि काळजावर, मूत्रपिंडावर चुन्यासारखी पांढरी पूड साचते. गुराला गुण देणारे औषध पाखराला विष.

मला सर्वांत धक्का बसला तो एका आकड्याचा. शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला की एवढा संहार व्हायला हजार मढ्यांपैकी आठ मढ्यांतही औषध असण्याची गरज नाही, त्याहून कमीही पुरतात. कारण एका मढ्यावर पन्नास-पन्नास गिधाडे बसतात. आणि गिधाडाची जोडी वर्षाला घालते एकच अंडे, पिल्लू वयात यायला पाच-एक वर्षे. कोंबडीसारखे नाही की एक खुडूक बसवली आणि बारा पिल्ले निघाली! 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे, म्हणजे आमच्या माडांवर बसणारी, हजारात एक उरली. कड्यांवरची लांब चोचीची शंभरात तीनच उरली.

गिधाडे गेली म्हणून काय बिघडले, असे कोणी विचारील. मीही विचारले असते. गिधाडाच्या पोटातले आम्ल इतके जहाल की काळपुळीचे जंतूही त्यात टिकत नाहीत. मढ्यावर गिधाड बसले की रोगाचा धागा तिथेच तुटतो. गिधाड नसले की मढ्यावर कुत्री येतात, आणि कुत्री वाढली की पिसाळणारी वाढतात. आपल्या शेळ्या-करडांवर तुटून पडणाऱ्या टोळ्या कुठे पोसल्या जातात हे प्रत्येकाने आपल्या गावात पाहावे. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2024 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे काढले आहे की, गिधाडे नाहीशी झाल्यामुळे 2000 ते 2005 या काळात भारतात सुमारे 5 लाख माणसे जास्तीची दगावली. कुत्र्यांमुळे आणि घाण झालेल्या पाण्यामुळे.

भारत सरकारने 2006 साली जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. पण माणसांसाठीचे औषध दुकानात राहिले, आणि त्याच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या. म्हणून 2015 साली माणसांसाठीची सुईही 3 मिलिलिटरच्या एकाच मात्रेची असावी असा नियम झाला. 2023 साली किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक ही दोन औषधे जनावरांसाठी बंद झाली, त्यानंतर निमेसुलाइडही. ही चार नावे गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा.

"मग बैल दुखला तर काय करायचं? कण्हत ठेवायचा?" बाबांनी हेच विचारले आणि रास्त विचारले. बैलाला कण्हत ठेवा असे मी कोणाला सांगणार नाही. मेलॉक्सिकॅम नावाचे औषध आहे, गिधाडांना ते बाधत नाही हे तपासून सिद्ध झाले आहे. टॉल्फेनॅमिक ॲसिड हेही तसेच. दोन्ही गुण देतात. किती द्यायचे ते जनावराच्या वजनावर आणि दुखण्यावर असते, म्हणून ते डॉक्टरांनीच ठरवावे. 1962 या क्रमांकावर फोन केला तर जनावरांच्या फिरत्या दवाखान्याची चौकशी करता येते. आणि सुई दिल्यानंतर जनावर मेलेच, तर ते उघड्यावर टाकू नका. खोल खड्डा, चुना, वर काटे.

बाबांनी ती पट्टी माझ्या हातात दिली. म्हणाले, "घ्या. पन गोळीचं नाव कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, नातू वाचतो." मी चार नावे एका बाजूला लिहिली, दोन दुसऱ्या बाजूला. रात्री ओसरीवर पडलो तरी डोळ्यांपुढे तो ताड येत होता.

तिसऱ्या दिवशी परत निघालो, ते घोटीहून त्र्यंबकच्या वाटेने. म्हणजे जव्हार-विक्रमगड-मनोर करत घरी उतरता येते. पण त्र्यंबकच्या अलीकडे अंजनेरीला गाडी थांबवली. या डोंगराच्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत हे मला ठाऊक होते. 2017 साली हा भाग संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाला आहे. जवळच हरसूलच्या जंगलात खोरीपाडा येथे वनखात्याने गावकऱ्यांच्या मदतीने गिधाडांसाठी बिनविषारी मढी ठेवायची जागा चालवली, तिला लोक थट्टेने गिधाडांचे हॉटेल म्हणतात.

कड्यावर पांढरे ओघळ दिसले, चुन्याचा हात मारल्यासारखे. आजोबा ज्या ओघळांवर चिडायचे तेच. साडेदहाच्या सुमारास त्या ओघळांच्या वरून काहीतरी सुटले. पुतण्या ओरडला, "घार!" सौ. म्हणाल्या, "शेपटी बघ." शेपटी आखूड होती. पंख हलत नव्हते. मग दुसरे सुटले, तिसरे. आम्ही मोजत गेलो, नऊ भरली. एक तर इतक्या खालून गेले की पंखांतून जाणाऱ्या वाऱ्याचा आवाज आला. पुतण्याच्या हातात मोबाईल होता, पण त्याने चित्र काढलेच नाही, नुसता वर पाहत राहिला. मगाचे नारळवाले दादा टोपी काढून हातात धरून उभे होते. का, ते त्यांना विचारले नाही.

तारापूरला आल्यावर काकूंना नऊचा आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "आमच्या एका माडावर असायची तेवढी."

परवा साम्रदहून बाबांच्या नातवाचा फोन आला. बैलाला डॉक्टरांनी पाहिले, खुराच्या फटीत काटा मोडला होता तो काढला, सुई दिली ती कागदाच्या बरोबर बाजूची. गावातल्या आणखी दोन घरांनी तो कागद उतरवून घेतला आहे. कड्यावर अजून काही दिसले नाही. मी त्याला सांगितले, दर पौषात एकदा त्या तोंडाशी बसून बघ, आणि दिसले तर रात्री-अपरात्री केव्हाही फोन कर.

वालाच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीबद्दल तीन पत्रे आली आहेत. तो विषय पुढच्या अंकात.